आधी दाखवायचं, मग मागायचं

"ताई, रॉबर्ट रॉड्रिगेझने ७ हजार डॉलरमध्ये पिक्चर केला आणि थेट हॉलिवूडला पोचला. माझे दोन लघुपट झालेत. आता मित्रांकडून पैसे गोळा करून तसाच एक सिनेमा करू, की एका मालिकेत सहायक दिग्दर्शकाचं काम मिळतंय ते घेऊ? टीव्हीत शिरलं की सिनेमा सुटतो म्हणतात, खरं का? मालवणला मामाची बर्फाची फॅक्टरी आहे, लोकेशन फुकट मिळेल." असं तू विचारलंस.

उत्तर लांबणार आहे. मी तीसेक वर्षं संकलन करतेय. स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापायच्या टेबलावर, जरा कुठे हात बसला तोच संगणकावरचं अ‍ॅव्हिड आलं, त्या पिढीतली. सिनेमे कापले, मालिका कापल्या, जाहिरातीही कापल्या. त्यामुळे रॉड्रिगेझ ह्या अमेरिकी दिग्दर्शकाबद्दल मला जे कळतं ते टेबलावर बसून कळलेलं आहे, आणि ते त्याच्याबद्दलच्या दंतकथेशी फारसं जुळत नाही.

आधी त्या ७ हजारांचा हिशोब. तो पिक्चर म्हणजे 'एल मारियाची', १९९१ च्या उन्हाळ्यात शूट झाला. खर्च ७ हजार डॉलरच्या जरा वर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन लाख रुपयांच्या आत. यातले ३ हजार त्याने कसे उभे केले ते तू वाचलं असशीलच: टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये औषधाच्या चाचणीसाठी माणसं ठेवून घेत, तिथे तो महिनाभर राहिला, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा प्रयोग स्वतःवर करून घेतला आणि खाटेवर पडल्यापडल्या पटकथा लिहिली. शेजारच्या खाटेवरचा पीटर मार्क्वार्ट हा गोरा तरुण त्याने खलनायक म्हणून घेतला. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, संवाद त्याने नुसते पाठ केले. गोष्ट मजेदार आहे आणि सगळे तीच सांगतात. पण हा पैसा गेला कशावर, ते कुणी सांगत नाही. जवळजवळ सगळा गेला रॉ स्टॉकवर, म्हणजे कोऱ्या फिल्मवर, फिल्म धुण्यावर आणि ती व्हिडिओवर उतरवून घेण्यावर. युनिटचा पगार शून्य, कारण युनिटच नव्हतं. कॅमेरा मागून आणलेला. दिवे म्हणजे चिमट्याने अडकवायचे दोन साधे दिवे. ट्रॉलीच्या जागी चाकांची खुर्ची. तू आज मोबाइलवर किंवा उसन्या कॅमेऱ्यावर शूट केलंस तर त्याचा सगळ्यात मोठा खर्च तुला मुळात नाहीच. म्हणून "७ हजारांत" हा आकडा तुझ्या काहीच कामाचा नाही. तो सोडून दे.

दुसरं असं की तो सिनेमा थिएटरसाठी केलेलाच नव्हता. अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी व्हिडिओ कॅसेटचा एक बाजार होता, स्वस्तातले मारधाडपट तिथे विकले जात. रॉड्रिगेझ आणि त्याचा मित्र कार्लोस गायार्दो यांचा बेत होता तीन सिनेमे करायचे, त्या बाजारात विकायचे, म्हणजे सराव होईल आणि पुढच्यापुरते पैसेही सुटतील. चुकला तरी कोण बघणार, असा हिशोब. लॉस एंजेलिसला व्हिडिओवाल्यांकडे खेपा घालता घालता त्याने त्याचा ट्रेलर नट-दिग्दर्शकांना कामं मिळवून देणाऱ्या एका मोठ्या एजन्सीत ठेवला आणि तिथून गाडी कोलंबिया पिक्चर्सपर्यंत गेली. कोलंबियाने सिनेमा घेतल्यावर व्हिडिओवर झालेलं संकलन पुन्हा फिल्मवर जुळवणं, १६ एमएमचं ३५ एमएम करणं, आवाज नव्याने बसवणं यावर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा ओतला. तू पडद्यावर जे बघतोस ते ७ हजारांचं नाही. हे म्हणताना मला त्याचं श्रेय कमी करायचं नाही. जानेवारी १९९३ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला पसंतीचं पारितोषिक दिलं तेव्हा तो २४ वर्षांचा होता, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हा सिनेमा गेला. पण हिशोब तो हिशोब.

मग त्याच्याकडे नेमकं काय होतं? इथे मला जरा रेंगाळू दे, कारण माझ्या धंद्याची गोष्ट इथेच आहे.

सॅन अँटोनियोमध्ये दहा भावंडांच्या घरात तो तिसरा. वडील भांडीकुंडी विकणारे फिरते विक्रेते, आई नर्स. वडिलांनी घरी एक व्हीसीआर आणला, त्याच्याबरोबर वायरीने जोडलेला कॅमेरा होता. विक्रीच्या कामासाठी आणलेला तो कॅमेरा पोराने ढापला. भावंडांना उभं करून तो छोट्या फिल्मा करायचा आणि दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून कापायचा. हे काम तू केलेलं नाहीस, मी सुरुवातीला थोडं केलंय. एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, मध्ये पॉज. एक शॉट चुकला की त्याच्या पुढचं सगळं परत करायचं. शॉट मधे घुसवता येत नाही, मागे जाऊन दोन फ्रेम कमी करता येत नाहीत. अशा यंत्रावर दहा वर्षं काढलेला माणूस शूट करतानाच एडिट करायला लागतो. त्याला ठाऊक असतं की हा शॉट एवढाच लागणार, याच्यानंतर तो हात, मग दार. जास्तीचं काही घेतच नाही. टेक्सास विद्यापीठात त्याला फिल्म विभागात आधी प्रवेश मिळाला नाही, गुण कमी पडले. विद्यापीठाच्या दैनिकात तो आपल्या भावंडांवर रोज व्यंगचित्रपट्टी काढायचा. स्पर्धेत त्याच्या घरगुती व्हिडिओने फिल्म विभागातल्या विद्यार्थ्यांना मागे टाकलं तेव्हा कुठे आत घेतलं. तिथे केलेला लघुपट 'बेडहेड', कलाकार पुन्हा भावंडंच.

म्हणजे 'एल मारियाची' ही पहिली उडी नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या तालमीनंतरची ती पहिली कुस्ती आहे. "माझे दोन लघुपट झालेत" असं तू लिहिलंस, त्यात मी मुद्दाम डोकावतेय. त्याचे किती झाले होते याची मोजदादच नाही.

आता आवाज. शूट झालं सियुदाद अकुन्यात. हे मेक्सिकोचं सीमेवरचं गाव, गायार्दोचं; नदीपलीकडे टेक्सासमधलं डेल रिओ. तिथे त्यांच्याकडे होता एक अ‍ॅरीफ्लेक्स १६ एस कॅमेरा. हा कॅमेरा शिलाई मशीनसारखा घरघरतो आणि त्याचा वेग आवाजाच्या टेपशी बांधलेला नसतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं अ‍ॅरी टूसी ह्या अशाच कॅमेऱ्यावर सिनेमे झाले ते ह्याच घरघरीमुळे सगळे डब करावे लागले. पायलट साउंड, म्हणजे नुसता संदर्भापुरता आवाज, घ्यायचा आणि नंतर स्टुडिओत लूप लावून ओठांवर शब्द बसवायचे. रॉड्रिगेझकडे डबिंगचे पैसे नव्हते. त्याने काय केलं, तर टेक झाला की कॅमेरा बंद, साध्या कॅसेट रेकॉर्डरचा माइक नटाच्या तोंडाजवळ, आणि "आता हेच पुन्हा म्हण." त्याच जागेवर, त्याच दमात. नट हौशी, गावातलेच. अभिनयाची कारागिरी माहीत नसल्यामुळे ते दुसऱ्यांदाही अगदी तसंच म्हणायचे, तोच वेग, त्याच जागी श्वास. शिकलेला नट असता तर त्याने दुसऱ्या वेळी "वेगळं काहीतरी" केलं असतं आणि सगळं बोंबललं असतं.

मग टेबलावर ही कॅसेट चित्राशी हाताने जुळवायची. कॅमेऱ्याचा वेग निराळा, टेपचा निराळा. पहिले चार-पाच शब्द ओठांवर बसतात, मग हळूहळू सरकायला लागतं. सरकलं की काय करायचं? कट मारायचा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जायचं, हातावर जायचं, कुत्र्यावर जायचं. तोवर आवाज परत जुळवून घ्यायचा आणि बोलणाऱ्यावर यायचं. समीक्षकांनी या सिनेमाच्या झपाट्याचं कौतुक केलं. आमच्यातला कुणीही तो बघून हसेल, कारण त्यातले निम्मे कट ओठ निसटले म्हणून मारलेत हे आम्हाला दिसतं. बंदुकांचंही तेच. खऱ्या बंदुकांत कोऱ्या गोळ्या घातल्या की एक बार होऊन बंदूक अडकायची. तो एकच बार वेगवेगळ्या कोनांतून घेतलेला, आणि पडद्यावर मशीनगन.

हे सगळं आधी शोधून ठेवलं होतं का? थोडं होतं, थोडं अडचणीने शिकवलं. पण लक्षात घे, प्रत्येक अडचणीचं उत्तर त्याला शूटच्या जागेवर सापडत होतं, कारण पुढे कापणारा तोच होता.

आणि पटकथा? तीही अशीच. गायार्दोच्या ओळखीने काय मिळतंय त्याची त्यांनी यादी केली: बस आहे, बार आहेत, शेतवाडी आहे, तुरुंग मिळतो, एक पिटबुल आहे. रस्त्यावर कासव सापडलं तर तेही घेतलं. मग ह्या गोष्टी असतील अशी गोष्ट लिहिली. आपल्याकडची नवी मुलं उलटं करतात. आधी पटकथेत वाडा, मग वाडा शोधत फिरतात, मग वाड्याचं भाडं देताना जेवणाचे पैसे संपतात.

आता माझा मुख्य मुद्दा. रॉड्रिगेझची कारकीर्द जेवढी मी बघितली त्यात एक सवय पुन्हा पुन्हा दिसते. तो कागद घेऊन मागायला जात नाही. आधी एक तुकडा करतो, कापतो, दाखवतो. मग मागतो. 'एल मारियाची' हा त्यातला पहिला तुकडा, एवढंच. आणि तुझ्या टीव्हीच्या प्रश्नाचं उत्तर त्याने १९९४ मध्येच देऊन ठेवलंय.

सनडान्सनंतर कोलंबियासाठी त्याला 'डेस्पेराडो' करायचा होता, त्याच मारियाचीची, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या नायकाची गोष्ट, या वेळी अंतोनिओ बांदेरास घेऊन. नायिका म्हणून त्याला सल्मा हायेक हवी होती. मेक्सिकोत ती टीव्ही मालिकांमुळे घराघरात पोचलेली होती, पण हॉलिवूडच्या लेखी ती कुणीच नव्हती. स्टुडिओ तयार होईना. मधल्या वेळात शोटाइम ह्या केबल वाहिनीने पन्नाशीच्या दशकातल्या स्वस्त तरुणपटांची नावं घेऊन टीव्हीसाठी नव्या फिल्म काढायला दिग्दर्शक गोळा केले होते. रॉड्रिगेझने त्यातली 'रोडरेसर्स' घेतली, जेमतेम दोन आठवड्यांत उरकली, आणि तीत हायेकला घेतलं. झालं, स्टुडिओला दाखवायला तिची इंग्रजीतली फिल्म हातात आली. पहिल्यांदाच युनियनचं पुरेपूर युनिट हाताशी घेऊन तो तिथे काम करायला शिकला ते वेगळंच. टीव्ही हा त्याला सिनेमाच्या खालची पायरी कधी वाटला नाही. दाखवायचा तुकडा जिथे तयार होईल ती जागा, इतकंच.

'डेस्पेराडो' ७० लाख डॉलरचा, १९९५ चा. त्याच वर्षी चार दिग्दर्शकांनी मिळून केलेला 'फोर रूम्स' आला आणि आपटला. त्यातला एक भाग रॉड्रिगेझचा होता: नववर्षाच्या रात्री हॉटेलच्या खोलीत दोन मुलं, अंगात मोठ्या माणसांसारखे पार्टीचे कपडे. त्यांना तशा कपड्यांत बघून याच्या डोक्यात आलं, ही तर चिमुकली बाँडमंडळी दिसताहेत. तिथून 'स्पाय किड्स' निघाला, २००१ मध्ये. साडेतीन कोटी डॉलरचा सिनेमा, जगभरात चौदा कोटींच्या वर धंदा. पडलेल्या सिनेमातून असा माल उचलायला नजर लागते. मधले 'फ्रॉम डस्क टिल डॉन' आणि 'द फॅकल्टी' तू बघितले असशील, त्यांच्याबद्दल मला फार बोलायचं नाही.

'स्पाय किड्स'बद्दल मात्र बोलायचंय. त्यातलं कुटुंब कोर्तेझ, म्हणजे लॅटिनो, मूळचं लॅटिन अमेरिकेतलं. बापाचं नाव ग्रेगोरिओ; रॉड्रिगेझचा एक काका खरोखर एफबीआयमध्ये होता, त्याचंही नाव ग्रेगोरिओ. शिवाय ग्रेगोरिओ कोर्तेझ हा टेक्सासच्या सीमेवरच्या लोकगीतांचा जुना नायक, तिथल्या मेक्सिकन माणसाला हे नाव ऐकताच काय ते कळतं. पण हे कुटुंब लॅटिनोच कशाला हवं, असा प्रश्न त्याला स्टुडिओकडून आला. त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा: जेम्स बाँड बघायला तुम्ही ब्रिटिश असावं लागतं का? सिनेमात मग या गोष्टीचा कुठेही गाजावाजा नाही. मुलं टाको खात "आम्ही कोण" असली भाषणं देत नाहीत. ती हेर आहेत, जगाला वाचवतात, त्यांचं आडनाव कोर्तेझ आहे.

त्याच्या आधीची लॅटिनो दिग्दर्शकांची पिढी दुसऱ्या वाटेने आली होती. लुईस वाल्देझने १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमजुरांच्या संपात 'एल तेआत्रो कांपेसिनो' ही नाटकमंडळी काढली, ट्रकच्या फळीवर नाटकं केली आणि तिथून तो 'झूट सूट', 'ला बांबा' ह्या सिनेमांपर्यंत पोचला. हेसूस साल्वादोर त्रेविन्यो १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात निषेध म्हणून वर्ग सोडून रस्त्यावर आलेल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या, विद्यार्थ्यांचं चित्रण करत होता; तिथून सार्वजनिक टीव्हीवरचे माहितीपट, आणि पुढे नेटवर्कच्या मालिकांचे भागच्या भाग. 'बॅबिलॉन ५', 'स्टार ट्रेक'सुद्धा. तुला मालिकेतल्या दिग्दर्शकाचं आयुष्य समजून घ्यायचं असेल तर त्याच्याकडे बघ. दुसऱ्याच्या पटकथेवर, दुसऱ्याने निवडलेल्या नटांबरोबर काही दिवसांत एक भाग पुरा करायचा आणि पुढच्या मालिकेच्या सेटवर जायचं, यात एक वेगळी इज्जत आहे जिची मुलाखतीत कुणी दखल घेत नाही. रॉड्रिगेझच्या मागे चळवळ नव्हती, व्हीसीआर होता. काहींना ते खटकतं. मला वाटतं दोन्ही पिढ्यांनी आपापल्या हाताशी जे होतं ते घेतलं.

आता या सवयीची किंमत. 'सिन सिटी' हे फ्रँक मिलरचं चित्रकथापुस्तक; मिलर हॉलिवूडला विटलेला, द्यायला तयार नाही. रॉड्रिगेझने त्याला ऑस्टिनला बोलावलं, नट आणले आणि हिरव्या पडद्यापुढे एक छोटा प्रसंग शूट केला, कापला, पुस्तकातल्या चौकटींसारखा काळा-पांढरा करून दाखवला. आवडला तर सिनेमा करू, नाही आवडला तर ही फिल्म तुझ्याकडे ठेव, दोस्तांना दाखव. मिलर पाघळला. तोच प्रसंग २००५ च्या सिनेमाची सुरुवात आहे. त्या सिनेमात समोरासमोर मारामारी करणारे दोन नट कधी कधी एकाच दिवशी सेटवर नव्हतेच. एकाला आज घेतलं, दुसऱ्याला नंतर. टेबलावर ते भेटले. पुन्हा अकुन्याचंच तंत्र, फक्त पैसा जास्त.

किंमत इथे आली. रॉड्रिगेझला मिलरचं नाव सहदिग्दर्शक म्हणून द्यायचं होतं. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा, डीजीएचा, नियम असा की एका सिनेमाला एकच दिग्दर्शक. आधीपासून जोडी म्हणून मान्यता असेल तर गोष्ट वेगळी. शूट तोंडावर आलेलं. त्याने २००४ मध्ये संघटनेचा राजीनामा दिला. आता पॅरामाउंटकडे मंगळावरच्या साहसकथेवरचा एक प्रचंड सिनेमा त्याच्या नावावर ठरत आला होता. स्टुडिओचा संघटनेशी करार, बिगर-सभासदाला घेता येत नाही. गेला सिनेमा हातचा. एवढा मोठा सिनेमा त्याला पुढे 'अलिटा' येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत मिळाला नाही. पंधरा वर्षं. त्याने बरोबर केलं की चूक, यावर आमच्या कँटीनमध्ये एकदा चहाचे तीन राउंड झाले होते. माझं मत: बरोबर केलं, पण त्याला परवडत होतं म्हणून. ऑस्टिनमध्ये जुन्या विमानतळाच्या हँगरमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ उभा होता, कॅमेरे स्वतःचे, एडिटिंग स्वतःचं. ज्याचं घर भाड्याचं आहे त्याने असला राजीनामा खिशात घेऊन फिरू नये.

आणखी एक किंमत आहे, ती मला जास्त दिसते. 'वन्स अपॉन अ टाइम इन मेक्सिको'च्या श्रेयनामावलीत त्याने लिहिलं की शूट केला, कापला आणि संगीत दिलं, सगळं यानेच. सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावरचा, जॉर्ज लुकसने ते तंत्र दाखवल्यावर हा त्यावर लट्टू झालेला. बघ एकदा. प्रसंग सुटे सुटे बघितले तर झकास, एकत्र बघितले तर कोण कुणाला का मारतंय ते तिसऱ्या रिळापासून हरवतं. स्वतःचा संकलक स्वतः असलेल्या दिग्दर्शकाला "हे काढ" म्हणणारं खोलीत कुणी नसतं. माझं अर्धं आयुष्य "हे काढ" म्हणण्यात गेलंय, म्हणून मला हे जास्त टोचत असेल. पण तू स्वतःच कापणार असशील तर शेवटच्या कटला कुणीतरी परका माणूस शेजारी बसव.

टीव्हीवर परत येऊ. २०११ मध्ये कॉमकास्ट ह्या केबल कंपनीने एनबीसी युनिव्हर्सल घेतली, तेव्हा अल्पसंख्याकांच्या मालकीच्या काही नव्या वाहिन्या दाखवण्याचं तिने सरकारला कबूल केलं होतं. त्या वाटेने रॉड्रिगेझला वाहिनी मिळाली, 'एल रे', डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेली, इंग्रजीत बोलणाऱ्या लॅटिनो पिढीसाठी. आपल्याच 'फ्रॉम डस्क टिल डॉन'ची मालिका त्याने तिथे तीन हंगाम चालवली. बाकीच्या वेळात जुने कुंगफूपट, भयपट, कुस्ती. दिग्दर्शकांना समोर बसवून घेतलेल्या मुलाखती हा माझा आवडता भाग, कारण विचारणारा कारागीर होता. २०२० च्या अखेरीला केबलवरची वाहिनी बंद पडली. वाहिनी चालवायची म्हणजे रोज चोवीस तास भरायचे. मालिकेत एपिसोडची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, दोन दिवसांवर आली की आमच्या पोटात कसा गोळा येतो ते तुला लवकरच कळेल, तिथे अख्खी वाहिनी होती. शिवाय लोक केबलच काढून टाकत होते.

पण त्याच वर्षी तो 'स्टार वॉर्स'च्या विश्वातल्या 'द मँडलोरियन' ह्या मालिकेच्या दुसऱ्या हंगामात एका भागाचा दिग्दर्शक होता, ऐन वेळी बदली म्हणून आलेला. तिथे त्याने काय केलं? मारामारीचा प्रसंग घरच्या आवारात पोशाख चढवलेल्या मुलांना आणि खेळण्यातल्या बाहुल्यांना घेऊन शूट केला, कापला आणि नेऊन दाखवला. वय ५२. सॅन अँटोनियोच्या अंगणात भावंडांबरोबर जे चाललं होतं तेच, फक्त आता भावंडांऐवजी पोरं. त्या भागामुळे पुढची 'द बुक ऑफ बोबा फेट' ही मालिका त्याच्याकडे आली, सातपैकी तीन भाग त्याने केले. खरं सांगायचं तर ते तीन मला नाही भावले. रंगीत स्कूटरींचा पाठलाग तर फारच पडेल. अकुन्यात पैसे नव्हते म्हणून जे सुचलं ते इथे सगळं असताना सुचलं नाही, असं मी म्हणणार होते, पण ते इतकं सोपं नसावं. दुसऱ्याच्या विश्वात, दुसऱ्याच्या वेळापत्रकात काम करताना आपला हात कुठे चालतो आणि कुठे बांधलेला असतो, ते बाहेरून कळत नाही.

तर तुझं काय? मालिकेचं काम घे. वर्षभर. सहायक म्हणून क्लॅप, कंटिन्युइटी, कॉलशीट सगळं कर, पण संध्याकाळी एडिटला जाऊन बस. तुमच्या सेटवरून आलेले रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, बघून संकलक कुठे शिव्या घालतो ते ऐक. सहा महिन्यांत शूटवर उभा असताना तुला कट दिसायला लागतील, आणि रॉड्रिगेझला दोन व्हीसीआरनी जे शिकवलं ते तुला पगार घेऊन शिकता येईल. सिनेमा टीव्हीमुळे सुटत नाही. सुटीच्या दिवशी झोप काढण्यामुळे सुटतो. यात माझा स्वतःचा अनुभव बोलतोय, जास्त खोदू नकोस.

मित्रांचे पैसे घेऊ नकोस. निदान पूर्ण सिनेमासाठी नको. त्याऐवजी पाच मिनिटांचा एक प्रसंग कर, तोही असा की तो बघून माणसाने विचारावं, "पुढे?" मोठ्या सिनेमातला मधलाच प्रसंग असला तरी चालेल. तो घेऊन माग.

काही वर्षांपूर्वी अशीच चार मुलं माझ्याकडे लघुपट घेऊन आली होती, रॉड्रिगेझचे भक्त. हायवेलगतच्या ढाब्यावर शूट, सुरेख फ्रेमा, एकही टेक ऐकू येण्याजोगा नाही. आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकचा, त्यात ट्रक. "डब करू" म्हणाले. नट तोवर पुण्याला परत गेलेला आणि केस कापून बसलेला; केसांचं डबिंगला काही नाही म्हणा, पण दोन महिन्यांनी स्टुडिओत तो तेच वाक्य त्याच दमात म्हणू शकला नाही ते नाहीच. तीन रात्री घालवून मी हात टेकले. टेक संपल्यावर दोन मिनिटं थांबून माइक तोंडाजवळ नेला असता तर काम झालं असतं. तेवढं मात्र अकुन्यातून उचल.

आणि ती बर्फाची फॅक्टरी. मी मालवणला एक फॅक्टरी बघितलीय: पहाटे होड्या यायच्या आधी लाद्या बाहेर ओढतात, फरशीवर खारं पाणी, आकड्याने बर्फ घासत नेतात, क्रशर सुरू होतो. फुकट लोकेशन म्हणून तिचं नाव घेऊ नकोस, त्यात काय घडू शकतं ते लिही. मामाकडे काय काय आहे त्याची यादी कर: टेम्पो असेल, वखार असेल, एखादी बंद पडलेली होडी, मामाचा कुत्रा. अडचण एकच दिसते, अमोनियाचा कॉम्प्रेसर. तो चालू असताना तुला एक शब्द स्वच्छ मिळणार नाही, आणि बर्फ वितळतो म्हणून मामा तो फार वेळ बंद ठेवणार नाही. दिवसातून किती वाजता आणि किती मिनिटं बंद असतो, ते त्याला विचार आणि मला कळव. प्रसंग किती लांबीचा लिहायचा ते त्यावर ठरवू.